बंदुकीने रक्षण किती जाहले त्याची हकीकत

श्री. अवघ्यांस राखणाऱ्या देवास नमस्कार करून, जे राखायचे राहून गेले त्यांची हकीकत लिहिली ती ऐसी जे, शके सोळाशे ऐंशी, बहुधान्य नाम संवत्सरी राज्यात चोरांची आवई उठली, आणि महाराजांनी कृपाळू होऊन घरोघर एकेक बंदूक दिधली, आणि आपले रक्षण आपण करावे ऐसी आज्ञा केली. मग वर्षाने महाराजांचे मनी आले की बंदुकीने रक्षण किती वेळा जाहले ते पुसावे, आणि जेथे जाहले त्या घरी मानाचे रुप्याचे कडे द्यावे. मग काय विचारता! ज्याची बंदूक माळ्यावरून उतरली नव्हती त्यानेही मिशीला ताव देऊन पाच चोर पळविले, आणि पाटाच्या पाण्यावरून दोघा शेजाऱ्यांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या होत्या, त्या दोघांनीही आपापले रक्षण केले ऐसे सांगितले, आणि दोघेही मोजले गेले. इतके चोर पळाले की तितकी माणसे राज्यात नव्हती.

ऐसे पुसत पुसत त्रिंबकपंत कारकून सटवोजी घाडग्याचे घरी आले. त्याची बायको चिमाबाई आत भाकरी थापीत होती. तिचा एकुलता लेक रायाजी महाराजांच्याच स्वारीत चाकरीस होता, तो माघ मासी भर दुपारी परतला, दाढी वाढलेली, अंगाने वाळलेला, आणि बंदूक आल्यापासून सटवोजी दिवसाही कडी घालून बसे, म्हणून पोर मागल्या कुंपणावरून उतरले, आणि बापाने कोण म्हणून न पुसताच बंदूक झाडली. आता पंतांनी पुसले, "बंदुकीने रक्षण जाहले काय?" सटवोजी खाली पाहून म्हणाला, "झालं, पंत. चोर हुता."

मग चिमाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आली आणि म्हणाली, "चोर कसला? माझा रायाजी हुता. पंत, तुमी त्याच्या बारशाला जेवून गेलासा. येवढं एक मोजू नका. दुसरं काय मागत न्हाई मी." पंतांचे डोळे खरेच भरून आले. ते म्हणाले, "बाई, कुंपण ओलांडून कोणी आत आला आणि घरच्याने बंदूक झाडली की ते रक्षण, अशी हुजूरची आज्ञा. मी हुकुमाचा चाकर." आणि पंतांनी उपरण्याने डोळे पुसले आणि रक्षण म्हणून लिहून घेतले.

मग नगारा वाजवीत कडे आले. चिमाबाईस वाटले, हा ते विहिरीत फेकील. सटवोजीने हातात घातले ते पुन्हा काढले नाही, कारण काढावे तर तो हात पोराचा मारेकरी होत होता. जेवताना तो म्हणाला, "चिमे, चोरच हुता गं त्यो. सरकार खोटं बोलंल व्हय?" तिला त्याची किळस आली आणि कीवही आली, आणि तिने त्याच्या ताटात भाकरी वाढली.

येणेप्रमाणे त्या साली राज्यात रक्षण बहुत जाहले, आणि महाराजांनी संतुष्ट होऊन घरोघर दुसरी बंदूक देविली. मानाचे घर म्हणून चिमाबाईचे दारी ती सर्वांआधी पोचली.