बारापर्यंतचं मौन

"वन्सं, तपासणीचं माझ्यावर सोडा! मी अशी बोलेन की त्या बाई खूश होऊन जातील," असं मी नणंदेला छातीठोकपणे सांगितलं होतं.

नणंदेचा पिशव्यांचा छोटा कारखाना. मी तिथं शिवणाला बसते. माल जातो एका मोठ्या कंपनीला. आता कायद्यानं त्या कंपनीला बजावलंय की, माल पुरवणाऱ्या लहान कारखान्यांतही कामगारांचे हक्क तुडवले जात नाहीत ना, ते बघा! तपासणीत फसलो तर ऑर्डर गेली, आणि मग कारखान्याला कुलूपच.

कंपनीच्या तपासणीच्या बाई येणार होत्या दुपारी. आल्या पावणेबारालाच! आणि माझा तर रोजचा नेम. बारापर्यंत मौन, अन्नपाणी वर्ज्य, पाय अनवाणी.

"काही खाल्लंत?" बाईंनी मलाच गाठलं.

मी मान हलवली. नाही.

"पाणी?"

नाही.

"चपला कुठायत? अहो, बोला ना!"

मी ओठांवर बोट ठेवून गोड हसले. बाईंचा चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट झाला.

"बोलायची बंदी? कुणी घातली?"

मी भक्तिभावानं वर बोट दाखवलं. बाईंनी वर पाहिलं. वरच्या मजल्यावर नणंदेचं ऑफिस!

नणंद धडधडत जिना उतरली. "अहो वहिनी, आज तरी तोंड उघडा! देव समजून घेईल!"

मी हात जोडले.

"बघा, कशा गयावया करतायत तुमच्यापुढे!" बाई कडाडल्या आणि पर्स उचलून निघाल्या.

इतक्यात बाराची घंटा झाली. मी अनवाणीच धावले आणि दारातच सगळा नेम सांगितला. देवापासून चपलांपर्यंत, एका दमात!

बाईंनी बाकीच्या बायकांनाही विचारलं. मग हसू दाबत म्हणाल्या, "हाही तुमचा हक्कच. पण इथं तक्रार ऐकायला कुणीच नाही, हे काही बरं नाही. घाबरू नका, ऑर्डर काढून घेणार नाही. लहान कारखान्यांना हे सगळं शिकवायला आमची माणसं येतात. तुम्ही फक्त तक्रारी ऐकणारी एक व्यक्ती निवडा."

बायकांनी एकमुखानं मला निवडलं. मी भरून पावले! केवढा हा विश्वास!

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी, मी मौनात असताना, पहिली तक्रार आली.

"वहिनी दुपारी बारानंतर फार बोलतात."