चौतिसाव्या पानावरची होडी

शनिवारी सकाळी आशालताबाई आंघोळ करून बाहेर आल्या आणि दिवाणखान्यातल्या टीपॉयकडे बघून जागच्या जागी थबकल्या. टीपॉयवर अंथरलेला पांढरा टॉवेल होता. टॉवेलवरचं पुस्तक नव्हतं.

"अहो!"

जितेंद्ररावांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांना बायकोच्या 'अहो'चे सगळे प्रकार पाठ झाले होते. हा प्रकार गेल्या गणपतीनंतर प्रथमच कानावर येत होता.

"पुस्तक कुठंय?"

"काल रात्री तू लवकर झोपलीस, तेव्हा थेरेसाबाई आल्या होत्या. आपला केकचा डबा परत द्यायला. त्यांना एका वाढदिवसाचा केक करायचा होता, तर त्यातला तो ढगांवरचा किल्ला त्यांना फार आवडला. मी म्हटलं न्या, उद्या आणून द्या."

"माझं पुस्तक? तुम्ही दिलंत?"

"त्यांनी हात धुतले होते," जितेंद्रराव म्हणाले. एवढं बोलून थांबले असते तर बरं झालं असतं, पण ते पुढे म्हणाले, "शेवटी पुस्तकच आहे ना."

मग पुढची दहा मिनिटं फक्त आशालताबाई बोलल्या.

ते पुस्तक साधं नव्हतं. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर आशालताबाईंनी पाच वर्षं घालवून ते केलं होतं. लहानपणी वाचलेल्या जुन्या अद्भुतकथांमधलं सगळं जग त्यांनी एकसष्ट पानांवर उतरवलं होतं. ढगांवर बांधलेला किल्ला, पोपटात जीव ठेवून निर्धास्त झोपणारा राक्षस, होडीला वेटोळं घालणारा समुद्रनाग. ठाण्याच्या प्रकाशिका ऋतिका यांनी गुरुवारी त्याची छापील नमुना प्रत पाठवली होती आणि काही दुरुस्त्या असल्या तर कळवा म्हणून सांगितलं होतं. आशालताबाईंनी शुक्रवारी फोनवर उत्तर दिलं, "पाच वर्षं काढलीत मी. एक रेघही हलवायची नाही." ही प्रत विरारच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये देवासारखी टॉवेलवर बसवलेली होती. जितेंद्ररावांना तिचं दर्शन एकदाच घडलं होतं, तेही चहाचा कप स्वयंपाकघरात ठेवून आल्यावर.

"स्कूटर काढा," आशालताबाई म्हणाल्या.

थेरेसाबाईंच्या वटार गावापर्यंतच्या रस्त्यावर बरेच गतिरोधक आहेत. प्रत्येक गतिरोधकाला बाईंचं वाक्य तुटायचं आणि पलीकडे गेल्यावर दुप्पट जोराने सुरू व्हायचं. "विचारायचं तरी! एका शब्दाने... विचारायचं! स्वतःची बँकेची पासबुकं... कुलुपात ठेवता, आणि माझं..." जितेंद्रराव हेल्मेटच्या आत सुरक्षित होते, पण फारसे नाही.

थेरेसाबाई केळीच्या वाडीमागच्या घरात राहत. शाळेत दोघी एकत्र होत्या, तेव्हा थेरेसाबाई भूगोल शिकवत. आता त्या केक करत. स्वयंपाकघरात सगळीकडे साखर उडालेली होती.

"ये गो आशा, बस! तुझा किल्ला बघायला पाहिजे होता. तीन मजली झाला. वरती ढग म्हणून—"

"पुस्तक दे."

"अगो, ते इथे कुठे?"

"फोटो काढून घ्यायचा होतास ना! हातात फोन असतो चोवीस तास!"

"काढला ना फोटो. फोनात तुझा निळा जांभळा दिसतो. मग पुस्तक शेजारी ठेवूनच क्रीम कालवलं." थेरेसाबाईंनी आवाज खाली आणला. "नवव्या पानावर थोडं क्रीम सांडलं. पण मी लगेच चाटून... म्हणजे पुसून टाकलं."

आशालताबाईंनी डोळे मिटले. जितेंद्रराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

थेरेसाबाईंचा मुलगा शेल्डन केक पोचवायला टेम्पो घेऊन भल्या सकाळीच अर्नाळ्याला गेला होता. येताना विरारला वळून पुस्तक देऊन यायचं असं ठरलं होतं. आशालताबाईंनी तिथूनच त्याला फोन लावला.

"टेन्शन नका घेऊ आंटी, बुक एकदम सेफ आहे," शेल्डन म्हणाला. "जिचा बर्थडे आहे ना, त्या मुलीचे काका दिनानाथ, त्यांनी घेतलंय. जस्ट बघायला. ते बोट पेंट करतात ना."

"काय पेंट करतात?"

"बोट."

फोन बंद झाला. थेरेसाबाईंनी पुढे केलेली केकची बशी हवेतच राहिली.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेच्या आधीची गडबड चालू होती. वाळूवर ओढून, लाकडांचे टेकू देऊन ठेवलेल्या बोटींना रंग लागत होता. त्यातली दिनानाथची बोट शोधावी लागली नाही. तिच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, थेट मध्यापर्यंत आशालताबाईंचा समुद्रनाग पसरला होता.

त्यांचा असा, की वेटोळी त्यांची होती, मानेवरचे खवले त्यांचे होते. पण नाग हिरवागार झाला होता, डोळे पुरीएवढे मोठे होते आणि त्याला झुपकेदार मिशा होत्या. शेजारी उलट्या टोपलीवर पुस्तक उघडं पडलेलं, आणि वाऱ्याने पान उडू नये म्हणून त्यावर रंगाचा डबा.

"हा डबा उचला!" आशालताबाई इतक्या जोरात ओरडल्या, की पलीकडे जाळी दुरुस्त करणाऱ्यांनी माना वर केल्या.

पन्नाशीचा, उघड्या अंगाचा, कानामागे सुतारी पेन्सिल खोचलेला एक माणूस बोटीआडून पुढे आला. "तुम्ही त्या पुस्तकवाल्या बाय? नमस्कार. नाग लय भारी हाय तुमचा. पन डोळे बारीक होते. लांबून दिसनार नाय."

"आणि मिशा? नागाला मिशा कुठून आल्या?"

"माझ्या आज्याच्या हायेत. बोट त्याच्या नावाची."

"माझा नाग निळा आहे! जांभळट निळा! तुम्ही हिरवा केलात!"

"निळ्या पान्यात निळा नाग कुनाला दिसंल? आमच्या बोटी येकमेकींना दिसाव्या लागतात."

आशालताबाईंचा राग आणखी वाढला. त्यांनी पदर खोचला, दिनानाथच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि नागाचा डोळा दुरुस्त करायला घेतला. तीस वर्षं मुलांच्या वहीत त्यांनी हेच केलं होतं. "असा पापणीला उतार द्यायचा. इथे काळी कड. बघताय ना? नुसतं गोल काढलं की नाग घाबरलेला दिसतो!" बघताबघता माणसं जमली. जितेंद्ररावांनी कुणीतरी दिलेल्या खुर्चीवर बसून चहा घेतला. अर्ध्या तासात नागाची मुद्रा अशी झाली, की जमलेल्यांमधली दोन लहान पोरं मागे सरकली.

हात पुसून आशालताबाई पुस्तक उचलायला वळल्या. रंगाच्या डब्याचं गोल वळं पानावर उमटलं होतं. ते सहन करायची त्यांनी तयारी केली होती. पण चौतिसाव्या पानावर, त्यांच्या होडीवर, पेन्सिलीची एक ठसठशीत रेघ होती.

"हे कुणी केलं?"

"मी," दिनानाथ म्हणाला.

"माझ्या चित्रावर रेघ मारलीत तुम्ही?"

"तुम्ही माझ्या बोटीवर अर्धा तास मारल्या, मी येकच मारली."

माणसं हसली. आशालताबाईंचे कान तापले.

"शीड पुढं फुगलंय ना?" दिनानाथही आता चढ्या आवाजात बोलू लागला. "मंजे वारा मागनं येतो. मग डोलकाठीवरचा झेंडा मागं कसा उडतो? झेंड्याला काय येगळा वारा हाय?"

"ही अद्भुतकथा आहे! नाग होडीला वेटोळं घालतो, ते चालतं तुम्हाला, आणि झेंडा खुपतो?"

"नाग मी बगितला नाय, मनून त्यावर बोललो नाय. वारा रोज बगतो."

आशालताबाईंनी पुस्तक छातीशी धरलं आणि वाळू तुडवत स्कूटरकडे निघाल्या. "चला!" जितेंद्ररावांनी अर्धा चहा टाकला.

परतीच्या वाटेवर त्या मान वाकडी करून दिसेल त्या झेंड्याकडे बघत राहिल्या. जितेंद्ररावांना गतिरोधकांवरचा सकाळचा आवाज बरा वाटू लागला. घरी आल्यावर बाईंनी टेबलफॅन चालू केला, मोजपट्टीला उशीचा अभ्रा बांधला, वरच्या टोकाला जितेंद्ररावांचा रुमाल अडकवला आणि ते सगळं फॅनपुढे धरलं. अभ्रा पुढे फुगला. रुमालही पुढेच उडाला. त्यांनी मोजपट्टी तिरकी धरून पाहिली. फॅन कमी केला, जास्त केला. रुमाल काही मागे येईना.

"मेला," त्या म्हणाल्या. हे दिनानाथला होतं की रुमालाला, ते विचारायचं धाडस जितेंद्ररावांनी केलं नाही.

त्यांनी ऋतिकाला फोन लावला. "चौतिसावं पान थांबवा."

"मॅडम, छपाई सकाळीच सुरू झाली. तुम्हीच काल सांगितलंत ना, एक रेघही—"

"मी काय सांगितलं ते मला सांगू नका! पान छापून झालं का?"

"झालं. आणि सगळ्यांत सुंदर तेच आलंय, मॅडम."

सप्टेंबरमध्ये विरारच्या एका सभागृहात प्रकाशन झालं. दीडशे माणसं होती. थेरेसाबाई शेल्डनला घेऊन आल्या होत्या. प्रमुख पाहुणे एक निवृत्त प्राचार्य होते. त्यांनी बरंच बोलून झाल्यावर पुस्तक उघडून सभेला दाखवलं. चौतिसावं पान.

"ही होडी पाहा," ते भारावून म्हणाले. "हिच्यात बसावं आणि निघून जावं असं वाटतं."

"कुठे जाणार?" आशालताबाई खुर्चीतूनच कडाडल्या. "बसू नका! चुकलीय ती! शीड एका वाऱ्यावर आणि झेंडा दुसऱ्या!"

सभागृह हास्यात आणि टाळ्यांत बुडालं. प्राचार्य म्हणाले, "थोर कलावंताचा विनय हा असा असतो." आशालताबाईंना विनयाचा आरोप अजिबात सहन झाला नाही.

कार्यक्रमानंतर सहीसाठी रांग लागली. पहिल्या बाईंनी पुस्तक पुढे केलं, तसं आशालताबाईंनी सहीचं पान सोडून चौतिसावं काढलं. काळ्या पेनने त्यांनी डोलकाठीवर पुढे उडणारा नवा झेंडा काढला आणि मागे उडणाऱ्या जुन्या झेंड्याला चोच आणि पंख देऊन त्याचा समुद्रपक्षी केला. "हं. आता बरोबर. पुढचे!"

"अय्या, हातानं काढलेलं!" बाई आनंदाने किंचाळल्या. मग रांग वाढतच गेली. एकेक प्रत घेऊन आलेले दुसरी घेऊन परत आले. ऋतिका कोपऱ्यात गठ्ठे सोडत होती. आशालताबाई प्रत्येक होडी रागाने दुरुस्त करत होत्या आणि प्रत्येकाला वारा समजावत होत्या. हात दुखून आला तरी त्या थांबल्या नाहीत.

रांगेच्या शेवटी इस्त्रीचा सदरा घातलेला दिनानाथ उभा होता. त्यांनी त्याचं पुस्तक ओढून घेतलं, पेन टेकवलं.

"ऱ्हाऊ द्या, बाय. माझ्यात मी करून घेतलं."

त्यांनी पान पाहिलं. झेंडा पेन्सिलीने पुढे वळवलेला होता. आणि होडीच्या मागच्या टोकाला पाण्यात उतरलेलं काहीतरी नवीन काढलं होतं.

"हे काय?"

"सुकानू. तुमच्या होडीला सुकानूच नाय. वळनार कशी ती?"

आशालताबाईंनी होडीकडे पाहिलं. पाच वर्षं. खरोखरच नव्हतं.

"हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगनार होतो. तवर तुमची स्कूटर आगाशीला पोचली."

आशालताबाईंनी मान वर केली. पुस्तकं बगलेत मारून माणसं हसत, गप्पा मारत पायऱ्यांकडे निघाली होती.

"अहो!" त्या उभ्या राहिल्या. "दार लावा! एकालाही बाहेर सोडू नका!"