मंगोलियाचे पाव्हणे

संघपाल गुरुजी लेकीच्या लग्नासाठी हातपाय हलवत नाहीत, ही मनकर्णाची रोजची तक्रार. म्हणून शनिवारी ते फोनवर "मंगोलियाचे पाव्हणे पोचले म्हणते, उद्या सकाळी तळ्यावर जाऊन पायतो," असं बोलताना तिनं ऐकलं, तेव्हा तिला भरूनच आलं.

गुरुजी बोलत होते पट्टकादंब हंसांबद्दल. हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांना पेपरवाले 'पाहुणे' म्हणतात. मनकर्णा पेपर वाचत नव्हती. तिच्या घरात लग्नाची लेक होती, आणि अशा घरात पाहुणे एकाच प्रकारचे असतात.

"सभाव कसा हाये?" तिनं हळूच विचारलं.

"लय बुजरे. पण एकदा जोडी जमली का जन्मभर सोडत नाहीत."

"अन् खायाले?"

"हरभरा आवडते त्याईले."

बायकोला उशिरा का होईना पक्ष्यांची गोडी लागली, म्हणून गुरुजी खूश झाले. मनकर्णानं हरभरे भिजत घातले आणि मध्यस्थ शकुबाईला फोन लावला. "निर्मल गावच्या हर्षदीपले नाही म्हणून सांगा जी. आमाले फारेनचं स्थळ आलं."

लेकीला, प्रीतीला, हर्षदीप मनापासून आवडला होता. "मले नाही जायाचं मंगोलियाले," म्हणत ती रडली. आईनं ऐकलं नाही.

सकाळी गुरुजी खाकी शर्टात, प्रीती केशरी रेशमी साडीत आणि मनकर्णा उसळीचा डबा घेऊन जैनथच्या तळ्याकाठी उतरली. असल्या भडक साडीला पक्षी बुजतात हे गुरुजींना ठाऊक होतं, पण बोलणार कोण?

"कुटं हायेत पाव्हणे?"

"हे काय, समोर पोहून राह्यले."

मनकर्णानं दुर्बिणीतून नीट पाहून घेतलं. मग तिचा आवाज चढला. "बदकं? या बदकांपायी मी सोन्यासारखा पोरगा घालवला?"

अख्खा थवा कलकलाट करत उडाला. बायको कोणते पाहुणे समजून आली होती, ते गुरुजींच्या आता ध्यानात आलं. प्रीतीला हसावं की रडावं कळेना.

तेवढ्यात शकुबाईचा फोन आला. "निर्मलवाले घायकुतीला आले ना माय. फारेनवाल्याईले शब्द देऊ नका म्हणते, पोरगं अन् त्याचे मायबाप आजच येऊन राह्यले. तुमचं तिकडं ठरलं का काई?"

प्रीती फोनला कान लावून उभी राहिली. मनकर्णानं रिकाम्या पाण्याकडं पाहिलं आणि पदर सावरला.

"नाही जी. आमाले पसंत नाही पडले. लय कलकल करतेत, अन् ऊन तापलं का मुलूख सोडून पळतेत."

पंचशील पाळणाऱ्या गुरुजींनी त्यात खोटं काय आहे ते शोधून पाहिलं. सापडलं नाही.