सासूबाईंच्या जागी पातेलं

गाडीतलं मला सगळं कळतं, असं मी म्हणत नाही, लोक म्हणतात. म्हणून आमची नवी ऑटोमॅटिक गाडी गचके द्यायला लागली तेव्हा मी बायकोला सांगून टाकलं, "गिअरबॉक्स आहे. दोन दिवसांत शोधून काढतो."

"काढाच," ती म्हणाली. "शनिवारी आईला दवाखान्यातून आणायचंय. पाठीचं ऑपरेशन झालंय तिचं. एकही गचका बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलंय."

सासूबाई खाटेवर पडून पडून कंटाळल्या होत्या. रोज फोनवर एकच प्रश्न, घरी कधी नेताय? माझाही जीव तुटायचा हो.

मेकॅनिककडे गेलो. तो चक्कर मारून आला. म्हणाला, "गचका नाही." मी चक्कर मारून आलो. म्हणालो, "आहे!" तो पुन्हा गेला, नाही. मी पुन्हा गेलो, आहे. शेवटी माझं तोंड बंद व्हावं म्हणून त्याने गिअरचं ऑइल बदललं. घरी येताना गाडी आणखीच उसळली. परत नेली. त्याने कॉम्प्युटर जोडला, तर कॉम्प्युटरसुद्धा गाडीच्याच बाजूने बोलला. मी पार थकून गेलो.

"मी चालवून बघू का?" बायकोने विचारलं.

"बिघडलेली गाडी तुझ्या हातात देऊ?" मी म्हणालो. माणसाला काही जबाबदारी असते.

शुक्रवारी रंगीत तालीम ठरली. सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवायचं होतं, म्हणून तिथे बायको बसली आणि मांडीवर पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं घेतलं. पाणी सांडलं नाही, तर सासूबाई सुखरूप, असा माझा हिशेब.

कोपऱ्यावरच अर्धं पातेलं तिच्या साडीवर आलं. पुढच्या चौकात उरलेलं खाली सांडलं आणि माझ्या पायांकडे वाहत आलं. फडकं घेऊन ती खाली वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"अहो, तुमचा डावा पाय कुठे आहे?"

"जागेवर."

"तो ब्रेकवर आहे. आणि उजवा ॲक्सिलरेटरवर."

सगळी हयात क्लच दाबण्यात गेलेली. या गाडीत क्लचच नाही, हे मला ठाऊक होतं. डाव्या पायाला कुणी कळवलं नव्हतं. रिकामं बसवेना म्हणून तो बिचारा मिळेल ते दाबत होता. बायकोने पदर पिळला.

शनिवारी गाडी तिने चालवली. लोण्यासारखी चालली. सासूबाई पुढे, सीट मागे पाडून डोळे मिटून पडल्या होत्या. मी मागे, रिकामं पातेलं मांडीवर घेऊन. घाईत ते गाडीतच राहिलं होतं.

"एकसुद्धा गचका नाही गं," सासूबाई समाधानाने म्हणाल्या. "जावईबापूंनी शोधून काढलं म्हणायचं. काय बिघडलं होतं?"

"काही विशेष नाही, आई," बायको म्हणाली. "एकच भाग खराब होता. काढून मागच्या सीटवर ठेवलाय."