चष्म्याचा हत्ती

हत्तीचे डोळे निघेपर्यंत सगळं ठीक चाललं होतं.

करंजखारच्या जिल्हा परिषद शाळेतल्या वर्गाची भिंत रंगवायची टूम शिक्षिका रंभाबाईंनीच काढली होती. त्या रोह्याहून रोज गाडीने पेणला यायच्या आणि तिथून नझीरच्या मिनिडोर रिक्षाने शाळेत. पालकसभेला पालक येत नाहीत, हे त्यांचं जुनं दुखणं. गावातले पुरुष पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत, उरलेले मिठागरावर आणि बायका घरी बसून मूर्तींना रंग देण्यात. शाळेच्या पायरीला पाय लावायचा तो पोराचं नाव घालताना, त्यानंतर थेट दाखला न्यायला. सभेला नेमाने हजर असायचा तो एकटा नझीर. तोही बाईंना परत स्टेशनावर सोडायचं असायचं, म्हणून थांबायचा.

पण या खेपेला केंद्रप्रमुख कमळाकर साहेबांनी सरळच सांगितलं होतं, "बाई, पालकांनाच शाळेचं काही नसेल तर ही मुलं हायवेपलीकडच्या शाळेत जोडून टाकू. पुढच्या सभेला मी स्वतः येतो. निम्मे तरी पालक दिसले पाहिजेत."

हायवेपलीकडे म्हणजे पहिलीतल्या पोरांनी ट्रक चुकवत रस्ता ओलांडायचा. बाईंची झोप उडाली. पालकांना नुसतं बोलावून ते येत नाहीत, काहीतरी काम सांगून बोलवावं, असा विचार करून त्या काळुरामच्या घरी गेल्या.

काळुराम कारखान्यात आखणी करायचा. म्हणजे मूर्ती दुसऱ्याची, रंग तिसऱ्याचा, काळुराम शेवटी यायचा आणि गणपतीचे डोळे काढायचा. गेली कित्येक वर्षं त्याने दुसरं काही काढलं नव्हतं.

"हत्ती जमेल ना?" बाईंनी विचारलं.

"न जमायला काय झाला? अर्धा हत्ती तर रोजच करताव."

धड काढताना त्याची बरीच ओढाताण झाली. पाय एकदा पाच झाले, मग एक पुसला. सोंड मात्र झोकदार वळली. शेवटी त्याने बारीक कुंचला घेतला, श्वास रोखला आणि डोळे काढले. हात सवयीचा गुलाम. भिंतीवरच्या त्या करड्या, ओबडधोबड हत्तीला अर्धोन्मीलित, शांत, कुठूनही पाहिलं तरी आपल्याकडेच बघणारे डोळे आले.

समोरची पोरं पुढे सरकली. मग एकाने हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्तीच्या पुढच्या पायाशी जास्वंदीचं फूल होतं. ते बायजाबाईंनी ठेवलं होतं. त्यांचा नातू जनू तिसरीत होता आणि सून मिठागरावर जात असल्यामुळे घरात पालक म्हणून त्याच होत्या.

"आजी, हा हत्ती आहे हो," बाई म्हणाल्या. "‘ह’वरून हत्ती. पोरांना अक्षर कळावं म्हणून."

"व्हय गो, हत्तीच हाय," बायजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी चपला दाराबाहेर नेऊन ठेवल्या.

मंगळवारी नारळ आले. धाटावच्या कंपनीत कंत्राटी असलेल्या एकाच्या बायकोने नवरा कायम व्हावा म्हणून नवस बोलला. चतुर्थीला कुणीतरी मोदक आणले, पोरांनी त्यावर ताव मारला आणि दुपारची खिचडी पातेल्यातच राहिली. हत्तीला पाठ करून पोरं बसतात हे काही बरं दिसत नाही, असं गावाचं मत पडलं आणि पहिलीचा वर्ग समोरच्या, ‘उ’वरून उंट काढलेल्या भिंतीला सरकला.

आता मात्र नझीर बोलला. "बाई, मला हत्तीचा काय नाय. पण माझी सकीना हत्तीखाली बसायची, तिला उंटाखाली बसवलीय. उंटावर पंखा नाय."

बाईंची पंचाईत अशी, की हे सगळं थांबवावं असं त्यांना मनापासून वाटतच नव्हतं. ज्या बायांना बोलावून त्या थकल्या, त्या आता रोज शाळेत येत होत्या. बाई त्यांना म्हणायच्या, "आल्यासारख्या पाच मिनिटं टेका, पोरांचं वाचन ऐका." बायाही पदराने वारा घेत टेकायच्या. बाईंना आतून इतका आनंद व्हायचा की शिकवताना त्यांचा आवाज चढायचा.

पण साहेबांच्या भेटीचा दिवस जवळ आला तसा त्यांना घाम फुटला. सरकारी शाळेत नारळ फुटतोय, हे साहेबांनी पाहिलं तर हायवेपलीकडे नुसती पोरं नाही, त्यांच्यासोबत बाईंची नोकरीही जायची.

त्यांनी काळुरामला गाठलं. "तेवढे डोळे पुसा हो. साधे गोल काढा."

काळुरामने दोन्ही कानांना हात लावले. "एकदा उघडलेलं डोळं मी पुसायचा नाय. कारखान्यात इचारा कुनालाबी. डोळं झालं की विसर्जनच."

"मग विसर्जन करा!"

"भिंतीचा?" बायजाबाई मध्येच म्हणाल्या. "भिंत खाडीत न्यायची तर शाळा कशावर ऱ्हायल?"

यावर वर्गात बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं, भिंतीवर खाडीचं पाणी मारा. कुणी म्हणालं, पडदा लावा. पडदा लावला तर आत देवच आहे असं साहेबांना आणखी पक्कं वाटेल, हे बाईंच्या लक्षात आलं. शेवटी दारात किल्ली फिरवत उभा असलेला नझीर म्हणाला, "डोळं पुसायचं नायत ना? मग त्यावर चष्मा घाला. शाळेतला हत्ती हाय, वाचतो म्हनावा."

काळुरामने विचार केला. "चष्म्याला हरकत नाय. डोळं हायत तसं ऱ्हातील."

त्याने जाड काळ्या काडीचा चष्मा काढला आणि हौसेने सोंडेत एक पुस्तकही दिलं. बायजाबाई हत्तीसमोर उभ्या राहिल्या, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मग हातातलं फूल त्यांनी पुन्हा कनवटीला लावलं.

"आता ह्यो देव नाय," त्या म्हणाल्या. "ह्यो मास्तर झाला."

नारळ थांबले, चपला वर्गाच्या दारातून आत येऊ लागल्या आणि सकीना पुन्हा पंख्याखाली बसली. पण फुलांबरोबर बायाही यायच्या थांबल्या. शाळा पुन्हा पहिल्यासारखी रिकामी दिसू लागली आणि रंभाबाईंना रडूच आलं. देव घालवून आपण पालकही घालवले, असं त्यांना वाटलं.

सभेच्या दिवशी सतरंजी अंथरली होती. कमळाकर साहेब खुर्चीत, नझीर सतरंजीवर. बाकी कुणी नाही. साहेबांनी हत्तीकडे पाहिलं, "छान कल्पना," म्हणाले आणि घड्याळाकडे पाहिलं. बाईंनी दाराकडे बघायचं सोडून दिलं.

तेवढ्यात बायजाबाई आल्या. मागोमाग जनूची आई, मिठागरावरून तशीच, पायाला चिखल. मग कारखान्यातले चारसहा जण, केसांत शाडूची धूळ घेऊन. काळुराम आला. नझीरची बायको अमीनाभाभी आली. सतरंजी पुरेना, तशी माणसं पोरांच्या पाटांवर बसली.

बाईंचा विश्वासच बसेना. त्या बायजाबाईंजवळ वाकून हळूच म्हणाल्या, "आजी, तिथं आता देव नाही हो."

"म्हाईत हाय गो," बायजाबाईंनी त्यांना झटकलं. "रोज फूल घेऊन यायची तवा ऐकायची. आमचा जनू तेराच्या पाढ्यात सातावर मुका व्हतो. सुटला का नाय त्यो, ता बघाया आलाव. मग ह्यानला बी म्हनला, चला, आपापला पोर कुठं अडकतंय ता बघा."

जनूला उभं केलं. तो सातावर थांबला. सगळी सभा पुढे वाकली. जनूने छताकडे पाहिलं, हत्तीकडे पाहिलं आणि "एक्क्याण्णव!" असं ओरडला. टाळ्या अशा पडल्या की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. रंभाबाईंनी डोळे पुसले, तेही सगळ्यांसमोर.

शाळा राहिली. साहेब भारावून गेले होते. हे सगळं कशामुळे घडलं, याचा त्यांनी बराच वेळ विचार केला आणि त्यांची नजर पुन्हा भिंतीवर गेली.

महिन्याभरात केंद्रातल्या एकूण एक शाळेत चष्म्याचा हत्ती काढायचा हुकूम निघाला. काळुरामला ऐन रिकाम्या दिवसांत काम मिळालं. आता तर तो हत्तीचे पाय बरोब्बर चार काढू लागला होता.

एक दिवस हायवेपलीकडच्या शाळेतल्या पुंडलिक गुरुजींचा रंभाबाईंना फोन आला. आवाज रडकुंडीला आलेला.

"बाई, आमचा हत्ती कधीचा चष्मा लावून बसलाय. एक पालक फिरकत नाही. पुढच्या आठवड्यात साहेब येतायत. तुम्ही नेमकं काय केलं होतं?"

रंभाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. वर्गात कुणी मोठं माणूस नव्हतं. तरीही त्यांनी आवाज खाली आणला.

"गुरुजी, चष्म्याची घाई झाली तुमची. काळुरामला बोलवा, दुसऱ्या भिंतीवर नवा हत्ती काढा आणि महिनाभर त्याला चष्म्याशिवाय राहू द्या."