आधी केबल बघा

प्रयोगशाळेत त्याला सगळे 'सॉफ्टवेअर' म्हणत. "सॉफ्टवेअर आलं का?" "सॉफ्टवेअर जेवायला गेलंय." चांगला सहा फूट उंच, भरघोस मिशांचा, दोन मुलांचा बाप असलेला माणूस, आणि त्याचा उल्लेख नपुंसकलिंगी. तेही त्याने सोसले असते. पण रोज उठून जो आळ यायचा, तो सोसण्यासारखा नव्हता.

त्याचे काम असे. खालच्या हॉलमधल्या यंत्रातून सूक्ष्म कणांचा झोत सुटे, त्याला सगळे बीम म्हणत. बीम डिटेक्टरवर आदळला की डिटेक्टर सेकंदाला हजारो संदेश केबलींतून वरच्या खोलीत पाठवी. त्यातले कामाचे कोणते आणि टाकाऊ कोणते हे डोळ्याचे पाते लवायच्या आत ठरवून कामाचे तेवढे साठवायचे, हे त्याचे सॉफ्टवेअर करी. चार वर्षे खपून त्याने ते लिहिले होते. आणि जरा कुठे खुट्ट झाले की इलेक्ट्रॉनिक्सचे केबलकाका चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी आहे." काय आहे ते कधी सांगत नसत. दहातल्या नऊ वेळा केबल सैल निघे. काका ती खोचत आणि "झालं" म्हणत. चुकलो असे म्हणायची पद्धत त्यांच्या घराण्यात नसावी.

मागच्या बुधवारी तर कहर झाला. पाहुणे यायचे होते आणि हॉलमध्ये डिटेक्टर अजून जोडायचा होता. गटाच्या प्रमुख बाई त्याच्याकडे आल्या.

"पडद्यावर काहीतरी हलताना दिसू दे."

"डिटेक्टरच नाही, तर हलणार काय, बाई?"

"ते तू बघ. सॉफ्टवेअर तू आहेस ना?"

त्याने बघितले. डिटेक्टरकडून काहीच आले नाही, तर सॉफ्टवेअरने आपल्या मनानेच आकडे तयार करून दाखवायचे, अशी सोय केली. तिचे नाव ठेवले 'लुटुपुटू'. माणूस सरळ असल्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत तसे लिहिलेही.

"ते लाल काढ," बाई म्हणाल्या. "पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही."

त्याने काढले. पाहुणे खूश झाले. जाताना एकाने विचारले, की पडदा मघाशी क्षणभर थांबला तो का? केबलकाका लगबगीने पुढे झाले आणि म्हणाले, "सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी आहे."

परक्या माणसांसमोर! दुसऱ्या दिवशी लुटुपुटू काढून टाकायचे होते, पण तो सबंध दिवस त्याने रागारागाने एक पाटी करण्यात घालवला. जाड प्लास्टिकची, हातभर लांब, त्यावर ठळक अक्षरांत 'आधी केबल बघा'. वरच्या खोलीत सगळ्या केबली जिथे येऊन लागतात त्या लोखंडी रॅकच्या मागच्या अंगाला त्याने ती प्लास्टिकच्या पट्ट्यांनी करकचून बांधली. काकांनी पाटी वाचली आणि चष्मा पुसला. सोमवारी त्यांनी हॉलमध्ये डिटेक्टर जोडला, वर येऊन पडद्यावर आकडे पळताना पाहिले आणि "चालतंय" म्हणाले.

मंगळवारी सकाळी नऊ ते दुपारी तीन बीम त्यांचा होता. पीएचडी करणारी मुलगी या सहा तासांसाठी अकरा महिने थांबली होती. तिच्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरण त्यावर अडले होते, आणि तीननंतर बीम दुसऱ्या गटाकडे जाणार होता तो पुढच्या वर्षीपर्यंत. ठीक नऊला तिने आकडे साठवायचे बटण दाबले. पडद्यावर आलेखाचा असा देखणा डोंगर उभा राहू लागला, की बाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"सर, इतके स्वच्छ आकडे मी पुस्तकातसुद्धा पाहिले नाहीत," मुलगी म्हणाली.

"आज सॉफ्टवेअर सुतासारखं सरळ आहे," काकासुद्धा म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदा. त्याने ते ऐकले नाही असे दाखवले आणि मिशीवरून हात फिरवला.

अकरा चाळीसला खालून बीमवाल्यांचा फोन आला. बाईंनी घेतला.

"मॅडम, सोडू का?"

"काय सोडू का?"

"बीम. तुमचा 'सोडा' म्हणून फोन यायचा होता. नऊपासून वाट बघतोय. शेवटी डबा खाऊन घेतला."

बाईंनी फोन छातीशी धरला आणि पडद्याकडे पाहिले. बीम नव्हता आणि डोंगर वाढतच होता.

"फोन तू केला नाहीस?" त्यांनी विचारले.

"मला वाटलं तुम्ही केलात," तो म्हणाला. "आकडे येत होते ना."

"मग हे आहे काय?"

"लुटुपुटू," तो म्हणाला, आणि हे आपल्याला म्हणावे लागते आहे याचा त्याला भयंकर संताप आला. "तुम्हीच म्हणालात, काहीतरी हलताना दिसू दे. तुम्हीच म्हणालात, लाल काढ. ते असतं तर नऊ वाजून एका मिनिटाला कळलं असतं."

"पण लगेच काढून टाकायचं नाही का?"

याला उत्तर होते, पण ते रॅकच्या मागे बांधलेले होते. त्याने मुकाट्याने लुटुपुटू बंद केले. पडदा कोरा झाला. बीम नसला तरी आकाशातून येणारे चुकार कण तरी दिसायला हवेत, तेही नव्हते. अशा वेळी बीम सोडून उपयोग नव्हता.

"सॉफ्टवेअरमध्ये..." काकांनी सुरुवात केली.

"आधी केबल बघा," तो कडाडला.

काका ताडताड खाली गेले आणि हॉलमधली तेहतीसच्या तेहतीस टोके तपासून घामाघूम होऊन वर आले. सगळी घट्ट होती. त्याने चार वर्षांचे सॉफ्टवेअर ओळ न ओळ चाळले. सगळे ठीक होते. पुन्हा काका खाली गेले, पुन्हा तो चाळत बसला. घड्याळात एक वाजून दहा मिनिटे झाली.

"मला निदान दीड तास तरी लागेल," मुलगी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. ती रॅकच्या मागे जाऊन उभी राहिली. "सर, या पाटीच्या मागे काय आहे?"

"काही नाही," तो म्हणाला. "केबली आहेत."

काकांनी खिशातली कात्री काढली, पट्ट्या कापल्या आणि पाटी उतरवली. तिच्यामागे तेहतिसावी केबल बोटभर बाहेर आली होती. 'आता घे' असा इशारा सॉफ्टवेअरला देणारी केबल तीच. ती निघाली तर उरलेल्या बत्तीस असून नसून सारख्या. पट्ट्या आवळताना ती ओढली गेली होती. काकांनी ती खोचली. "झालं," म्हणाले. दुसरे काहीही बोलले नाहीत, आणि हेच त्याला जास्त लागले.

एक वीसला मुलीने स्वतः फोन केला. "सोडा," ती म्हणाली. पडद्यावर एक खडबडीत, वाकडातिकडा उंचवटा सावकाश उभा राहू लागला.

"मघाचं किती सुबक होतं," बाई म्हणाल्या.

"हे खरं आहे, मॅडम," मुलगी म्हणाली आणि तीन वाजेपर्यंत तिने पडद्यावरची नजर हलवली नाही. प्रबंधापुरते आकडे मिळाले.

तो मात्र कोणाशी न बोलता घरी गेला. सकाळी आला तेव्हा पाटी त्याच्याच टेबलासमोर टांगलेली होती, या खेपेला खिळ्याला. काकांनी जाड पेनाने खाली भर घातली होती: 'त्याआधी पाटीमागे बघा'. त्याचे डोके सणकले. ती उपटून काढायला तो पुढे झाला, तेव्हा त्याच अक्षरातली आणखी एक बारीक ओळ दिसली: 'सॉफ्टवेअरमध्ये काही नव्हते.' खाली काकांची सही आणि तारीख.

त्याने दाराकडे पाहिले. कोणी नव्हते. मग ती ओळ पुन्हा एकदा वाचली, पाटी जरा तिरकी वाटली म्हणून सरळ केली, आणि कामाला बसला.