बिनशेपटीचे विंचू

आमच्या शेजारचे मनोहरकाका आल्यागेल्याच्या हातात पाण्याच्या ग्लासाआधी भिंग देतात. भिंगातून बघायचा तो तिळाएवढा, बिनशेपटीचा विंचू. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करताना काकांना हे प्राणी जुन्या पुस्तकांत सापडले. निवृत्तीनंतर त्यांनी ते बडीशेपेच्या डब्यांत पाळले, वर पैदासही सुरू केली. आमच्या सिंदी गावात लोक कापूस काढतात, काका विंचू काढतात.

पहिल्यांदा त्या नांग्या दिसल्या तेव्हा मी खुर्चीवर चढलो. मी म्हणजे चाळीस वर्षांचा, नव्वद किलोचा, कापसाच्या जिनिंग मिलमधला सुपरवायझर!

"काऊन भेऊन राह्यला बे? शेपूटच नाई, त डंख कुठून मारन?" काका म्हणाले.

पुढे मलाच नाद लागला. रोज संध्याकाळी जाऊन रद्दीतली बारीक कसरीची कीड ब्रशच्या टोकाने विंचवांना भरवायची. पोटच्या पोराला मी एवढ्या प्रेमाने कधी भरवलं नाही, असं बायको म्हणते. खरं आहे ते.

यंदा एका मादीने रेशमी घरटं विणून स्वतःला आत कोंडून घेतलं. पोटाशी अंडी. काका कुजबुजत बोलू लागले. "बाळंतीण हाये, दार हळू लावजो." नेमकं तेव्हाच त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला जावं लागलं. किल्ली माझ्याकडे आली. "कापसाचा बोळा ओला ठेवजो. बाकी काहीच करू नको."

काहीच न करणं मला जन्मात जमलेलं नाही. तिसऱ्या दिवशी फळीवर मुंग्या दिसल्या. साखरेच्या डब्याभोवती ओढतो तसा मी मुंग्यांचा खडू ओढला. समाधान होईना म्हणून सगळ्या डब्यांच्या झाकणांवरही ओढला, चांगला दोनदा. घरटं शांत होतं. बाळंतीण झोपली असेल, असं मला वाटलं.

काका काळा चष्मा लावून परतले. झाकणांच्या भोकांतून खडूची पांढरी विषारी पूड आत पडली होती. त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. एकही विंचू हलत नव्हता. माफी मागता मागता मी रडकुंडीला आलो.

"जाऊ दे. माह्या हातूनबी मेले हायेत." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसरे आणता येतीन. पण तवरक तू कायले येशीन इथं?"

काकू जाऊन सहा वर्षं झाली होती.

"डोळ्यात थेंब दिवसाले किती खेपा टाकाचे हायेत, काका?"

"चार खेपा."

"मंग चार खेपा येतो."

काकांनी लगेच चष्मा काढून मान मागे टाकली. पहिला थेंब मी त्यांच्या नाकावर टाकला. काकांनी नाक पुसलं आणि मान पुन्हा मागे टाकली.